कॉरलमधली पाटी थ्रीडीत नेताना अक्षरं फुटतात, पैठणीचा मोरही बिघडतोय, मदत हवी

पाटीवाली_नाशिक

नमस्कार मंडळी, माझं कॉलेज रोडला फ्लेक्स, रेडियम आणि पाट्यांचं छोटं दुकान आहे, कॉरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर बारा वर्षं रोज काम करतेय पण थ्रीडी हा प्रकार माझ्यासाठी एकदम नवा आहे म्हणून इथे विचारते. मखमलाबाद रोडला एका कस्टमरचा बंगला झालाय, दसऱ्याला गृहप्रवेश आहे आणि त्यांना गेटवर पितळेची पाटी हवीय, ३०० बाय १२० मिलिमीटर, 'वसुंधरा' हे नाव उठावाचं आणि डाव्या हाताला मोर. हा मोर त्यांच्या आईच्या येवल्याच्या पैठणीच्या पदरावरचा आहे, आई आता नाहीत, त्यामुळे तोच मोर पाहिजे, दुसरा कुठलाही नको असं त्यांनी मला दोनदा सांगितलंय. पदराचा मोबाईलवर फोटो काढून मी तो ट्रेस केला, नाव फॉन्टमध्ये टाईप करून कर्व्ह केलं, म्हणजे अक्षरांचे आकार केले, सगळं कंबाइन करून एकच आकार केला, कॉरलमध्ये पाटी एकदम सुंदर दिसतेय.

आता सीएनसीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने पितळ कोरून देणारे, म्हणतात फ्लॅट फाईल चालणार नाही, थ्रीडी फाईल द्या, स्टेप किंवा एसटीएल. मग मी कॉरलमधून एसव्हीजी ही टूडी फाईल एक्सपोर्ट करून एका फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकली, एसटीएल आली पण तिच्यात भलतंच काहीतरी झालंय. एक तर शिरोरेषेला प्रत्येक अक्षराच्या जोडावर बारीक उभी चीर पडलीय. व चं पोट भरून गेलंय, तिथे भोकच नाही. मोराची कड करवतीच्या दात्यांसारखी आलीय. आणि साईज ३०० च्या जागी २२५ दाखवतंय. कन्व्हर्टर बदलून पाहिला, दुसऱ्यावर चिरा गेल्या पण स च्या मधली जागाही बुजली. चांगला कन्व्हर्टर कुठला ते कुणी सांगेल का? पैसे भरायची तयारी आहे, काम नीट व्हायला पाहिजे.

साचा_अंबड

ताई, कन्व्हर्टरवर पैसे घालवू नका, अजिबात गरज नाहीये. मी अंबडला डाय-मोल्डच्या कामात आहे, आमच्याकडे लोगोच्या फाईली अशाच येतात आणि दहातल्या आठ वेळा घोळ टूडी फाईलमध्येच असतो. तुमच्या फाईलला लांबी आहे, रुंदी आहे, पण उंची कुठेच लिहिलेली नाही. कन्व्हर्टर करतो काय, तर जे बंद आकार दिसतील ते सरसकट एकाच उंचीला वर उचलतो, आणि आकार बंद नसेल किंवा एकावर एक चढलेला असेल तर स्वतःच्या मनाने काहीतरी ठरवतो. एकाने चीर ठेवली, दुसऱ्याने बुजवली, दोघांनी अंदाजच केला.

आधी एक गोष्ट त्या सीएनसीवाल्यांना विचारा, मशीनवर कॅम, म्हणजे कटरचा रस्ता आखणारं सॉफ्टवेअर, कुठलं वापरता. कारण नाव जर नुसतं सपाट उठावाचं असेल, म्हणजे अक्षराचा माथा सपाट आणि भोवतीची जमीन २ मिलिमीटर खाली, तर त्याला खरं म्हणजे थ्रीडी फाईल लागतच नाही, चांगला ऑपरेटर डीएक्सएफ या टूडी फाईलवरून थेट पॉकेट मारतो, म्हणजे भोवतीची जमीन खाली कोरतो. थ्रीडी लागते ती मोराला, तेही त्याचं अंग गोलसर हवं असेल तरच.

तरीही ते थ्रीडीच मागत असतील तर नावासाठी स्टेप द्या, एसटीएल नको. एसटीएल म्हणजे नुसते त्रिकोण, हा फॉरमॅट १९८७ चा, थ्रीडी प्रिंटरसाठी निघालेला, त्यात गोलाई नसतेच, गोल भाग म्हणजे छोट्या छोट्या सरळ तुकड्यांची माळ. पितळेवर व ची गोलाई अशा तुकड्यांनी फिरवली आणि तुकडे मोठे असले की पॉलिश केल्यावर उन्हात पैलू दिसतात, मी बघितलंय. स्टेपमध्ये गोलाई गोलाई म्हणूनच जाते. आणि आधी एसटीएल करून मग तिची स्टेप करायच्या भानगडीत पडू नका, तिथे प्रत्येक त्रिकोणाचा वेगळा पृष्ठभाग होतो, हजारोंनी, आणि फाईल उघडायलाच अर्धा तास जातो. एसव्हीजी किंवा डीएक्सएफ थेट फ्यूजन नाहीतर फ्रीकॅड या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची, तिथे उंची द्यायची आणि तिथूनच स्टेप काढायची.

साईजचं सांगतो, २२५ भागिले ३०० म्हणजे पाऊण, आणि ७२ भागिले ९६ पण पाऊणच. कुणीतरी इंचाला ७२ ठिपके धरून लिहिलंय आणि कुणीतरी इंचाला ९६ ठिपके धरून वाचलंय, बाकी काही नाही. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या ०.९२ च्या आधीच्या व्हर्जनला तर इंचाला ९० होते, त्यामुळे जुनी फाईल असेल तर अजून तिसराच आकडा निघतो. आमच्याकडे एकच पद्धत आहे, फाईलच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवायचा. थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर आधी तो चौकोन मोजायचा, ७५ निघाला तर सगळं १.३३३३ ने मोठं करायचं, पुन्हा मोजायचा, १०० झाला की मग चौकोन डिलीट.

गोदाकाठ_थ्रीडी

ताई मी पंचवटीत राहतो, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम आणि थ्रीडी प्रिंटिंग करतो, शिरोरेषेचा हा त्रास मी देवळाच्या नावांच्या की-चेन करताना इतका भोगलाय की यावर सविस्तरच लिहितो, इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे कुठेच सापडत नाही कारण त्यांची अक्षरं सुटी असतात.

आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्या अक्षरासोबतच काढलेली असते आणि पुढच्या अक्षराशी जोडताना फट दिसू नये म्हणून ती मुद्दाम किंचित लांब ठेवतात, म्हणजे व ची रेषा स च्या रेषेवर थोडीशी चढते. स्क्रीनवर काळ्यावर काळं, काही कळत नाही. पण तुम्ही कंबाइन केलंत ना, तिथे नियम असा लागतो की एकदा झाकलेलं ते भरीव आणि दोनदा झाकलेलं ते पोकळ, म्हणून जिथे जिथे दोन रेषा एकमेकींवर चढल्या तिथे तिथे उभी चीर पडली. ती चीर म्हणजे फॉन्टमधला तो चढलेला भागच आहे, वाटल्यास मोजून बघा, सगळ्या जोडांवर जवळपास सारखीच रुंद असेल. कॉरलमध्येही झूम करून पाहिलंत तर दिसेल, ३०० मिलिमीटरच्या पाटीवर नुसत्या डोळ्याला सुटून जाते.

कंबाइन नाही, वेल्ड पाहिजे, त्यात एकमेकांवर चढलेले आकार मिळून एक सलग आकार होतो, इंकस्केपमध्ये त्याला युनियन म्हणतात. पण आता एक खड्डा आहे तो नीट वाचा. कंबाइन झालेली फाईल ब्रेक अपार्ट करून मग वेल्ड करायला जाल तर व चं पोट हे वेगळं भरीव वर्तुळासारखं सुटं होतं आणि वेल्ड करताना अंगात विरघळून जातं, पोट भरलेलं राहतं, तुमच्या दुसऱ्या कन्व्हर्टरने बहुतेक हेच केलंय. त्यामुळे आत्ताची फाईल सोडून द्या, मूळ टेक्स्टवर परत जा. इंकस्केप फुकट आहे, त्यात युनिकोड फॉन्टमध्ये नाव नव्याने टाईप करा, ऑब्जेक्ट टू पाथ करा, अनग्रुप करा, आता प्रत्येक अक्षर आपापल्या पोटासकट वेगळं असेल, सगळी एकत्र सिलेक्ट करून युनियन. झालं. मग व्ह्यूमध्ये आउटलाईन मोड लावा, रंग सगळे जातात आणि नुसत्या रेषा उरतात, शिरोरेषेला छेदून जाणारी एकही रेघ दिसता कामा नये, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोकळा रस्ता दिसला पाहिजे. दिसली रेघ तर तिथे जोड राहिलाय.

'वसुंधरा' मध्ये अजून एक गंमत बघायला मिळेल, युनियन केल्यावरही शब्द एक तुकडा होणार नाही, तीन होतील. ध ला डावीकडे शिरोरेषा नसते, त्यामुळे 'वसु' एक, 'धरा' दुसरा, आणि अनुस्वाराचा टिंब तिसरा. तुमची अक्षरं पाटीच्याच जमिनीतून उठणार आहेत म्हणून काही हरकत नाही, पण उद्या कुणी भिंतीवर लावायला सुटी अक्षरं कापून मागितली तर तो टिंब वेगळा पिन देऊन बसवावा लागतो, आधीच सांगून ठेवतो.

ब्लेंडर वापरणार असाल तर एसव्हीजी आणल्यावर सगळं इवलंसं दिसतं, घाबरू नका, ते मीटरमध्ये मोजतं, तुमची पाटी तिथे ०.३ असते. आणि पोट जर वेगळा कर्व्ह म्हणून आलं तर दोन्ही सिलेक्ट करून कंट्रोल आणि J दाबून जोडा, टूडी कर्व्ह असेल तर आतला आकार आपोआप भोक होतो. पण नावासाठी अंबडच्या दादांचंच ऐका, फ्यूजन किंवा फ्रीकॅड, ब्लेंडर मोराला वापरा.

पाटीवाली_नाशिक

बाप रे, बारा वर्षं कंबाइन आणि वेल्ड दोन्ही वापरते पण रेडियम कापताना याचा त्रास कधी झाला नाही कारण तिथे चीर पडली तरी मी हाताने भरून घ्यायचे. आत्ता लगेच करून बघितलं, नाव युनियन केलं, आउटलाईन मोडमध्ये शिरोरेषा अगदी मोकळी दिसतेय, आणि खरंच तीन तुकडे झाले. फ्रीकॅडमध्ये नेऊन २ मिलिमीटर वर उचललं, पोट जागेवर आहे, स ची खिडकीही आहे! १०० चा चौकोन पण बरोबर १०० निघाला. मोराचं काय करू पण? ट्रेस केलेल्या फाईलमध्ये चार हजारांवर नोड, म्हणजे रेषेला वळवणारे बिंदू, आहेत आणि फ्रीकॅड अडकून बसतंय.

नक्षी_सातपूर

मोराबद्दल मी सांगते. मी सातपूरला लाकडी नक्षीच्या सीएनसीवर डिझाईन करते, दरवाजे, देव्हारे वगैरे.

पैठणीचा मोर विणलेला आहे, काढलेला नाही, हे आधी लक्षात घ्या. विणकर रंगीत बाण्याचा धागा उभ्या ताण्यातून मोजून फिरवतो, त्यामुळे मोराच्या मानेची गोलाई म्हणजे साडीवर बारीक बारीक पायऱ्याच असतात, हातभर अंतरावरून त्या दिसत नाहीत. फोटो ट्रेस केला की सॉफ्टवेअर इमानाने प्रत्येक पायरी पकडतं, आणि उंची दिली की त्या प्रत्येक पायरीची एक उभी भिंत होते, तेच तुमचे करवतीचे दाते. नोड आपोआप कमी करणारं सिम्प्लिफाय मारून बघू नका, दाते जातील पण चोच आणि तुरा पण गोल होऊन जाईल.

ट्रेस खाली लॉक करा आणि वरून पेन टूलने मोर परत काढा. गोलाई जिथे सगळ्यात जास्त वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे जाते फक्त तिथेच नोड द्यायचा, मधे नाही. आख्खी मान चार नोडमध्ये बसते. माझ्या अंदाजाने पूर्ण मोर दीडशे नोडच्या आत यायला पाहिजे, एक दुपार जाईल पण तोच मोर राहील. आणि काढताना मूळ पदर हातात घ्या, फोटोवर विसंबू नका, मोबाईलच्या लेन्सने कडेचा भाग ताणला जातो. शक्य असेल तर पदर सपाट पसरून शेजारी पट्टी ठेवून बरोबर वरून फोटो घ्या, किंवा त्यांनी परवानगी दिली तर स्कॅनरवर ठेवा, जरीला घडी पडू देऊ नका.

आता उंची. इथे कुठलंही सॉफ्टवेअर मदत करू शकत नाही कारण मोराचा पंख वर की मान वर हे सपाट चित्रात नसतंच, ते तुम्ही ठरवायचं. मी काय करते, कागदावर प्रिंट काढते आणि प्रत्येक भागात पेन्सिलने आकडा लिहिते. जमीन शून्य, पिसारा १, पंख १.५, अंग आणि मान २, डोळा परत खाली १.६, असं. मग त्या आकड्यांप्रमाणे आकारांचे वेगवेगळे लेअर करायचे. नुसत्या पायऱ्या पायऱ्यांचा मोर चालत असेल तर एवढ्यावर काम संपलं, प्रत्येक लेअरला तेवढी उंची द्या, पितळेवर तो पण छान दिसतो, ठाशीव.

पण अंग गोलसर हवं असेल तर दोन रस्ते. आमच्या लाईनमध्ये आर्टकॅम हे उठावकामाचं सॉफ्टवेअर खूप चालायचं, ऑटोडेस्कने २०१८ मध्ये ते बंद केलं, आता त्याच वळणाचं कार्व्हेको आहे, किंवा अ‍ॅस्पायर. त्यात बंद आकार सिलेक्ट करून फुगीर उठाव देता येतो, उंचीची मर्यादाही घालता येते, कर्व्ह बंद नसेल तर मात्र होतच नाही. दुसरा रस्ता फुकटचा, करड्या रंगांचा नकाशा. मोर काळ्या-पांढऱ्यात रंगवायचा, पांढरं म्हणजे सगळ्यात वर, काळं म्हणजे जमीन, मधल्या छटा मधल्या उंच्या, आणि ब्लेंडरमध्ये बारीक जाळीच्या प्लेनला डिस्प्लेस लावायचा, मग छटेप्रमाणे जाळी वर उचलली जाते. जेपीजी करू नका, जेपीजीचे डाग उंचीत उतरतात आणि पितळेवर देवीचे वण उठल्यासारखं होतं. पीएनजी, तीही १६ बिटची. आणि कडांना जरासा ब्लर द्या, एकदम काळ्यावरून पांढऱ्यावर उडी मारली तर तिथे कडा ओढल्यासारखी होते. इथून निघणार ती एसटीएलच, मोराला ती चालते, फक्त जाळी बारीक ठेवा.

साचा_अंबड

वर सातपूरच्या ताईंनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. मी फक्त कटरचं जोडतो कारण ते कुणी बोललं नाही. १ मिलिमीटरच्या कटरने आतला कोपरा फिरवला तर तिथे अर्धा मिलिमीटरची त्रिज्या राहणारच, टोकदार कोपरा मिळत नाही. बाहेरचे कोपरे टोकदार येतात. आणि दोन भागांमधली फट १ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कटर आतच जाणार नाही, मधला माल तसाच उभा राहील. तुमच्या नावात स ची खिडकी आणि ध चा वरचा वळसा मोजून बघा, आणि मोराच्या पिसांच्या मधली जागा तर नक्की मोजा. कमी पडत असेल तर फॉन्ट जरा बारीक वजनाचा घ्या. हे फाईलमध्ये आत्ता सुधारलं तर पाच मिनिटांचं काम आहे, पितळेवर कळलं तर प्लेट गेली.

ओतकाम_जुने

मुली, मी तीस वर्षं ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचे नमुने, केले, आता घरीच असतो. तू मशीनवर कोरून घेतेयस म्हणून हे तुला आत्ता लागणार नाही, पण कस्टमर पुढे अशा चार पाट्या मागतील तेव्हा ओतून घेणं स्वस्त पडेल, तेव्हासाठी लिहून ठेव. पितळ गार होताना सुमारे दीड टक्का आकसतं, म्हणजे ३०० ची पाटी हवी तर पॅटर्न ३०४.५ चा पाहिजे, अक्षरांसकट सगळं त्याच मापाने वाढवायचं. आणि अक्षराच्या भिंती सरळ उभ्या ठेवायच्या नाहीत, दोन अंश तरी उतार द्यायचा, माथा लहान आणि पाया मोठा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उंची देतानाच उतार द्यायची सोय असते, फ्रीकॅडमध्ये टेपर म्हणतात असं नातवाने दाखवलं. २ मिलिमीटर उंचीला हा उतार केसाएवढाच असतो, दिसत नाही, पण तो नसला तर पॅटर्न उचलताना व च्या पोटातली वाळू पॅटर्नसोबत उचलून येते आणि ओतल्यावर पोट भरलेलं निघतं. तुझ्या कन्व्हर्टरने जे केलं तेच वाळू करते. पूर्वी आम्ही त्या पोटात कानशीने हाताने उतार द्यायचो, एका अक्षराला पंधरा मिनिटं लागायची, आणि शिकाऊ पोरगा सगळ्यात आधी तेच शिकायचा.

पाटीवाली_नाशिक

काका, लिहून ठेवलं. तुमच्या सगळ्यांचे मनापासून आभार, काय झालं ते कळवते.

कस्टमरकडे जाऊन पदर पुन्हा बघितला, त्यांच्या बायकोने तो जुन्या मऊ धोतरात गुंडाळून ठेवलाय, टेबलावर सपाट पसरून पट्टी ठेवून वरून फोटो घेतला. आधीच्या फोटोत मोराची मान जाड आलेली, खरी मान बरीच सडपातळ आहे, म्हणजे मी चुकीचाच मोर कोरायला देणार होते. दोन दुपारी बसून पेन टूलने काढला, १३८ नोड झाले. पिसांवर आकडे लिहिलेला कागद कस्टमरलाच दाखवला, त्यांनी डोळा १.६ चा १.२ करायला सांगितला, म्हणाले आईच्या पदरावर डोळा खोल वाटतो, काळा धागा आहे म्हणून असेल. गोलसर न करता पायऱ्यांचाच ठेवला, त्यांनाही तोच आवडला.

स ची खिडकी ०.८ भरत होती, फॉन्टचं वजन एक पायरी कमी केलं, आता १.३ आहे. पिसांमधल्या तीन फटी रुंद केल्या. नाव आणि मोर दोन्हीची एकच स्टेप फाईल फ्रीकॅडमधून काढून दिली, सीएनसीवाल्यांनी उघडून बघितली आणि काही न बोलता मापं तपासली, मग म्हणाले लाकडावर आधी एक काढू. काल संध्याकाळी एमडीएफचा तुकडा मिळाला, शिरोरेषेवरून बोट फिरवलं तर कुठेच अडकत नाही. पितळेची प्लेट सोमवारी लागणार आहे.

नक्षी_सातपूर

एमडीएफवर मोराच्या तुऱ्याची टोकं कशी आलीत ते नीट बघा ताई, तिथे धागे निघाले असतील तर ते लाकडामुळे, पण टोकच गायब असेल तर कटर मोठा आहे. सोमवारच्या आधी तेवढं विचारून घ्या.

पाटीवाली_नाशिक

बघितलं, तीनपैकी मधलं टोक बोथट आहे. त्यांना फोन केला, तुऱ्यापुरता अर्ध्या मिलिमीटरचा कटर लावतो म्हणाले.